रोगदेवतेचा भाऊ : पोतराज, म्हसोबा आणि नगर जिल्ह्यातील पराभूत दैत्यांची परंपरा

१

साथीचा रोग हे मानवी समाजावर आलेले परचक्र आहे, ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या सुमारास बाबिलोनियात रचल्या गेलेल्या एर्राच्या महाकाव्यात तिचे ठळक रूप दिसते. एर्रा हा महामारीचा व युद्धाचा देव. त्याच्या दिमतीला सात योद्धे आहेत. हे सातही जण सख्खे भाऊ. आकाशदेव अनू आणि पृथ्वी ह्यांच्यापासून ते जन्मले, आणि अनूने प्रत्येकाला वेगळे संहारक सामर्थ्य देऊन त्यांना एर्राची शस्त्रे म्हणून नेमून दिले. एर्रा सुस्तावून पडतो तेव्हा हे भाऊच त्याला टोचून उठवतात, नगरे उजाड करण्यास प्रवृत्त करतात. हे काव्य कोरलेल्या मृत्तिकापट्टिका घरात ताइतासारख्या टांगल्या जात. ज्या घरात ही कथा असेल त्या घरास महामारी शिवणार नाही, असे आश्वासन काव्याच्या अखेरीस आहे.

रोगदेवता, तिचे सैन्य आणि त्या सैन्यातील भावंडांचे नाते, ह्या तिन्ही गोष्टी आपल्या लोकधर्मातही आहेत. परंतु त्यांची मांडणी वेगळी आहे. येथे रोगाची स्वामिनी माता आहे, तिच्या सोबत बहिणी आहेत आणि त्यांचा एक भाऊ आहे. हा भाऊ बाबिलोनी योद्ध्यांप्रमाणे स्वामीला चिथावणारा नव्हे. तो जिंकला गेलेला, सेवेस लावला गेलेला, पुष्कळदा मूळचा दैत्य असा आहे. हा पराभूत भाऊ मराठी मुलखात कोणकोणत्या नावांनी वावरतो, ती नावे कोठून आली आणि त्याच्या पराभवाचा भार प्रत्यक्षात कोणी वाहिला, ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणे शक्यतो नगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, घेतली आहेत.

२

हा जिल्हा निवडण्याचे कारण भौगोलिक आहे. मराठवाड्यातून पुण्याकडे उतरणारा जुना मार्ग औरंगाबाद, नगर, शिरूर असा येतो. व्यापारी, यात्रेकरू आणि लष्करे शतकानुशतके ह्याच वाटेने गेली. १८१७ साली बंगालमधील जेसोर भागात पटकीची जी साथ उद्भवली ती त्या वर्षाअखेर बुंदेलखंडात तळ देऊन राहिलेल्या इंग्रजी फौजेत शिरली आणि पुढल्या वर्षी नागपूर, जालना, औरंगाबाद, नगर, शिरूर, पुणे अशी मजल दरमजल करीत ऑगस्टमध्ये मुंबईस पोहोचली. मुंबईच्या वैद्यक मंडळाने १८१९ मध्ये तिच्यासंबंधीचे वृत्तान्त छापून प्रसिद्ध केले. हेच वर्ष पेशवाईच्या अस्ताचे. जानेवारीत कोरेगावची लढाई झाली ती ह्याच वाटेवर, आणि पावसाळ्यात पटकी आली तीही ह्याच वाटेने. ज्या वाटेने लष्कर येते त्याच वाटेने मरी येते, हा अनुभव येथील गावांना ग्रंथांतून घ्यावा लागला नाही. देवीची स्वारी, देवीचे ठाणे, गावाची राखण हे शब्द भक्तीच्या बोलीत रुळलेले असले तरी त्यांचे माहेर राज्यकारभार आणि लष्कर हेच आहे.

साथीच्या रोगांची मराठी नावे पाहिली तर त्यांत दोन थर स्पष्ट दिसतात. पहिला थर लक्षणांवरून पडलेल्या नावांचा. ‘मोडशी’ हे नाव त्यांतील इतिहासप्रसिद्ध होय. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने ह्या रोगाचे देशी नाव ‘मोर्शी’ असे नोंदविले. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचे ‘मोर्देशी’ झाले आणि फ्रेंचांनी त्याचा ‘मोर द श्याँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, असा अर्थपूर्ण पण निराधार शब्द बनवला. आपल्या ‘मोडणे’ ह्या साध्या धातूशी नाते सांगणारा शब्द परभाषेत जाऊन असा भयंकर झाला. ‘पटकी’ आणि ‘वाखा’ ही नावेही रोगाचीच, देवतेची नव्हेत.

दुसरा थर देवतेच्या नावांचा. मरी, मरीआई, जरीमरी ही ती नावे. ‘मारी’ हा संस्कृत शब्द ‘मृ’ धातूपासून सरळ साधता येतो आणि ‘महामारी’ हे नाव देवीमाहात्म्यात आलेलेच आहे. तमिळमधील ‘मारी’चा अर्थ मात्र पाऊस, आणि मारियम्मन ही तिकडे देवीच्या रोगाची देवता आहे. उत्तरेकडील मरणवाचक शब्द आणि दक्षिणेकडील पर्जन्यवाचक शब्द महाराष्ट्रात एकमेकांत मिसळले असावेत, असे मानण्यास जागा आहे. पण एकातून दुसरा निघाला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. व्यवहारात महत्त्वाचे हे, की ह्या थरातील नावे रोगाला व्यक्तित्व देतात. पटकी ‘होते’, मरीआई मात्र ‘येते’. फोड्यांच्या रोगाविषयीही आपण ‘देवी आल्या’ असे म्हणत आलो आणि लस टोचण्यालाही ‘देवी काढणे’ असेच नाव दिले. जी येते तिला सामोरे जाता येते, तिच्याशी बोलता येते, तिला मान देऊन पुढे पाठवता येते. मरीआईचा गाडा ह्याच विचाराने निघत असे. देवीची प्रतिमा, खण, नारळ, बांगड्या, लिंबे गाड्यात ठेवून तो वाजतगाजत शिवेपार न्यावयाचा. पलीकडच्या गावाने तो पुढच्या शिवेवर न्यावयाचा. रोग नाहीसा होत नसे. तो सीमेबाहेर घालवला जात असे.

३

आता ह्या देवतेच्या भावाकडे वळू. मरीआईचा उपासक पोतराज हा मराठी वाचकास अपरिचित नाही. वाढवलेले केस, कपाळावर हळदीकुंकवाचा मळवट, कमरेला रंगीबेरंगी चिंध्यांचा घागरा, पायांत घुंगरू, हातात कोरडा. सोबत डोक्यावर देव्हारा घेतलेली स्त्री आणि तिचे ढोलके. तो दारात उभा राहून स्वतःच्या अंगावर कोरडे ओढतो आणि घरचे लोक सुपातून धान्य घालतात. प्रस्तुत लेखकाने लहानपणी आठवड्याच्या बाजारात हे दृश्य अनेकदा पाहिले आहे. कोरड्याचा आवाज झाला की आम्ही मुले आईमागे दडत असू. त्या भीतीत ह्या माणसाविषयीची समाजाची सारी भूमिका साठवलेली होती, हे फार उशिरा ध्यानी आले.

‘पोतराज’ ह्या शब्दाची एक लौकिक व्युत्पत्ती अशी सांगितली जाते, की देवीपुढे पाजळावयाचा पोत धरणारा तो पोतराज. ऐकावयास ही व्युत्पत्ती गोड आहे. परंतु मराठी पोतराज हातात पोत नव्हे, कोरडा धरतो. शिवाय ध्वनिशास्त्राचा एक साधा नियम येथे उपयोगी पडतो. संस्कृतातून प्राकृताच्या द्वारे मराठीत आलेल्या शब्दांत दोन स्वरांमधला एकटा ‘त’ टिकत नाही. ‘भ्राता’चा भाऊ होतो, ‘शत’चे शे होते. तेव्हा ‘पोत’मधील तकार एक तर जोडाक्षरातून उरलेला असावा किंवा शब्द उसना असावा.

तो उसना आहे, हे तेलुगू प्रदेशातील प्रमाणांवरून दिसते. तेलुगूत ‘पोतु’ म्हणजे जनावराचा नर. ‘दुन्नपोतु’ म्हणजे रेडा, ‘मेकपोतु’ म्हणजे बोकड. ‘पोतुराजु’ म्हणजे नरांचा, विशेषतः रेड्यांचा, राजा. हा पोतुराजु तिकडे ग्रामदेवतांच्या सात बहिणींचा भाऊ मानला जातो. हेन्री व्हाइटहेड ह्यांनी दक्षिणेतील ग्रामदेवतांवरील आपल्या १९१६ च्या ग्रंथात तो कोठे भाऊ, तर कोठे पती म्हणून येतो, असे नोंदवले आहे. हैदराबाद-सिकंदराबादच्या बोनालु उत्सवात आजही पोतुराजु अंगावर कोरडे ओढीत देवीच्या मिरवणुकीपुढे नाचतो. सिकंदराबादच्या उज्जयिनी महाकाळीच्या देवस्थानाची परंपरा सांगते, की लष्करातील एका डोलीवाहकाने पटकीच्या साथीत उज्जैन येथे नवस केला आणि १८१५ मध्ये परतून देवीची स्थापना केली. ही परंपरा जशीच्या तशी इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही; परंतु साथ, लष्कर आणि लांबचा रस्ता ह्यांची सांगड तीही घालते, हे लक्षणीय आहे.

महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत मरीआईवाल्यांबरोबर कडकलक्ष्मीवाले आणि मरगम्मावाले अशी नावे येतात. ‘मरगम्मा’मधील ‘अम्मा’ हा प्रत्यय मराठी नव्हे. पोतराजाचे नाव आणि वेष आग्नेयेकडून आला, त्याची वाट ह्या एका प्रत्ययातही उमटलेली आहे.

ह्याच्या उलट स्थिती साती आसरांची आहे. विहिरी, डोह, नदीकाठ येथे वसणाऱ्या ह्या सात बहिणी. ‘अप्सरस्’चे प्राकृतात ‘अच्छरा’ होते आणि ‘च्छ’चा मराठीत ‘स’ होतो, जसा ‘मत्स्य’, ‘मच्छ’, ‘मासा’ ह्या मालिकेत. म्हणून ‘आसरा’ हा शब्द मराठीच्या घरचा, जुन्या वारशाचा. सारांश, बहिणी घरच्या आणि भाऊ बाहेरून आलेला. परंतु हा भाऊ येण्यापूर्वी त्याची जागा रिकामी होती असे मात्र नव्हे. त्या जागेवर म्हसोबा होता.

४

‘महिष’ शब्दाचे प्राकृत रूप ‘महिस’, त्यावरून म्हैस आणि म्हसोबा. शेताच्या बांधावर, विहिरीशेजारी, आसरांच्या सान्निध्यात शेंदूर फासलेला हा दगड नगर जिल्ह्यातील कोणत्याही शिवारात आढळतो. पुराणातील महिषासुर तो हाच. दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ ह्या ग्रंथात एका विसंगतीकडे लक्ष वेधले : एके ठिकाणी देवी ज्याला पायाखाली तुडवते, तोच दुसऱ्या ठिकाणी तिचा पती म्हणून पूजा घेतो. ह्यात कोसंबींना भिन्न समाजगटांच्या संघर्षाची व समेटाची खूण दिसली. शत्रू, पती आणि भाऊ ह्या तीन नात्यांत हा रेडा-राजा फिरत राहतो. नाते कोणतेही असो, देवीवाचून त्याचे स्थान नाही आणि त्याच्यावाचून देवीची राखण नाही.

पराभूत दैत्याला सेवेस लावण्याची ही रीत एका म्हसोबापुरती मर्यादित नाही. खंडोबाच्या कथेतील मणी आणि मल्ल हे दैत्यबंधू प्रसिद्धच आहेत. ब्रह्मदेवाच्या वराने उन्मत्त झालेल्या ह्या दोघा भावांनी ऋषींची तपोभूमी उद्ध्वस्त केली, तेव्हा शिवाने मार्तंडभैरवाचा अवतार घेऊन त्यांच्याशी युद्ध केले. मणी मरताना शरण आला, त्याने आपला शुभ्र घोडा देवाला दिला आणि देवाजवळ राहण्याचा वर मागितला. मल्लाने विनाशच मागितला, म्हणून त्याचे मस्तक भक्तांच्या पायांखाली आले. एकाच घरातील दोन भाऊ. एक सेवक झाला, दुसरा पायरी झाला. तरीही विजेत्या देवाचे ‘मल्हारी’ हे नाव मल्लाच्याच नावावर उभे आहे. पारनेर तालुक्यात पिंपळगाव रोठा येथील कोरठणच्या खंडोबाला जाणारा भाविक देवाचा जयघोष करताना नकळत त्या दैत्याचेही नाव घेतो. जॉन स्टॅन्ली ह्यांनी मणीच्या शरणागतीवर स्वतंत्र निबंध लिहिला, तो आल्फ हिल्टेबायटेल ह्यांनी संपादिलेल्या १९८९ च्या दैत्य-भक्तांविषयीच्या ग्रंथात आहे. हिल्टेबायटेल ह्यांनीच १९८८ मध्ये द्रौपदीच्या तमिळ उपासनेवरील ग्रंथात पोत्तुराजाची कथा विस्ताराने मांडली. तेथे त्याचे दुसरे नाव ‘पोर्मन्नन्’, म्हणजे शब्दशः ‘युद्धराजा’. हा स्वतंत्र राजा कपटाने जिंकला जातो, पांडवांच्या धाकट्या बहिणीशी विवाह करून त्यांच्या सेवेत येतो आणि द्रौपदीच्या देवळापुढे रखवालदार म्हणून उभा राहतो.

पाथर्डी तालुक्यातील नांदूर निंबादैत्य हे गाव ह्या परंपरेचे एक विलक्षण उदाहरण होय. ह्या गावाचे आराध्यदैवत निंबादैत्य आहे. गावात मारुतीचे देऊळ नाही आणि मुलाचे नाव मारुती ठेवले जात नाही. महाराष्ट्रात गावाच्या वेशीवर राखण करण्याचा मान मारुतीचा. येथे तो मान दैत्याकडे आहे, आणि कथेनुसार तोही रामाचाच भक्त. ‘निंब’ शब्दावरून कडुनिंब आणि त्यावरून देवीच्या रोगातील निंबाचा पाला, अशी साखळी जोडण्याचा मोह होतो. तिला पुरावा नाही; म्हणून ती येथे जोडत नाही. परंतु दैत्य हा गावाचा रक्षक असू शकतो, त्याला मारूनच नव्हे तर नमस्कार करूनही गाव सुरक्षित राहते, एवढे ह्या एका गावाने पिढ्यानपिढ्या सांगितले आहे.

५

येथवर जे सांगितले ते कथेविषयी. पण कथेतील पराभूत कोण, हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि तो प्रथम रोखठोकपणे विचारण्याचे श्रेय जोतीराव फुले ह्यांचे आहे. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी दैत्यांच्या कथा उलट्या बाजूने वाचल्या. बळीराजा हा न्यायी राजा. खंडोबा हा त्याच्या राज्यातील खंडाचा अधिकारी. म्हसोबा म्हणजे ‘महासुभा’, सुभ्याचा कारभारी. ज्यांना पुराणांनी राक्षस ठरवले ते मूळचे प्रजापालक होते, असे त्यांचे प्रतिपादन.

भाषाभ्यासक म्हणून ही व्युत्पत्ती मान्य करता येत नाही. ‘सुभा’ हा शब्द अरबी ‘सूबा’वरून मुसलमानी अमदानीत मराठीत आला, म्हसोबाची पूजा त्याहून जुनी. ‘महिष’ ते ‘म्हसोबा’ हा मार्ग नियमांना धरून आहे, ‘महासुभा’ ते ‘म्हसोबा’ हा नाही. परंतु व्युत्पत्ती चुकली म्हणून प्रश्न चुकला, असे समजणे हा आमच्या शास्त्राचा उद्धटपणा होईल. फुल्यांनी शब्दात जे शोधले ते शब्दात नव्हते. ते गावाच्या रचनेत होते.

ती रचना अशी. मरीआईचे ठाणे बहुधा गावकुसाबाहेर, महार-मांगांच्या वस्तीजवळ. तिचा पोतराज बहुधा मातंग किंवा महार. सर वॉल्टर एलियट ह्यांनी दक्षिण मराठा मुलखातील ग्रामदेवतेच्या उत्सवाचे जे वर्णन एकोणिसाव्या शतकात लिहिले, त्यातही पोतराज हा अस्पृश्य मानलेल्या जातीचाच आहे. व्हाइटहेड ह्यांनी दिलेली मारीची उत्पत्तिकथा तर ह्या रचनेवर लख्ख प्रकाश टाकते. एका अस्पृश्य तरुणाने ब्राह्मण असल्याचे भासवून ब्राह्मणकन्येशी विवाह केला. सत्य कळताच तिने स्वतःला जाळून घेतले आणि ती देवी झाली. तो पुरुष मात्र रेडा झाला आणि दरवर्षी तिच्यापुढे कापला जाऊ लागला. ज्याने सीमा ओलांडली तो पशू ठरला, आणि जिचा त्या सीमेत बळी गेला ती रोग होऊन परत आली.

ह्या कथेपुढे पोतराजाचा कोरडा ठेवून पाहावा. गावावर आलेला कोप कोणी तरी आपल्या अंगावर घ्यावयाचा असतो. गाडा शिवेबाहेर न्यावयाचा असतो, आणि शिवेवर आधीच राहावयास लावलेला माणूस ते काम करण्यास सर्वांत सोयीचा असतो. त्याचा वेष भयंकर केला, त्याला देवीचा भाऊ म्हटले, सुपातून धान्य घातले. पण घराचा उंबरठा त्याला ओलांडू दिला नाही. पुराणातील मणीला निदान देवाजवळ जागा मिळाली. प्रत्यक्षातील पोतराजाला देवी दिली आणि गाव नाकारले.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. पोतराजाला ह्या भूमिकेत काही सत्ताही होती. साथीच्या दिवसांत गावचा पाटीलही त्याच्यापुढे हात जोडी, मग त्याला केवळ बळी कसे म्हणावे? आक्षेपात तथ्य आहे. अंगात देवी आलेली असेपर्यंत त्याचा शब्द खाली पडत नसे. परंतु ती सत्ता देवीची होती, त्याची नव्हती. आणि साथ ओसरली की ती संपत असे. संकटापुरता दिलेला मान हा हक्क नव्हे.

६

ह्या व्यवस्थेचा वैद्यकीय आधार एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत ढासळला. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये पटकीच्या जंतूविषयीचे संशोधन जाहीर केले. १८९६ मध्ये मुंबईत ग्रंथिज्वराची साथ आल्यानंतर हाफकिनने पुढल्याच वर्षी तिच्यावर लस सिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये देवीच्या रोगाचे पृथ्वीवरून उच्चाटन झाल्याचे घोषित केले. रोग गेला, तरी रोगाच्या देवतेचा सेवक दारोदार उरला. १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्यांच्या अनुयायांनी जुन्या देवदेवतांचा त्याग केला, आणि अनेक घरांतील मरीआईचे देव्हारे बाहेर पडले. तो त्याग धर्मांतर तर होताच. पण शिवेवरच्या नेमणुकीचा तो राजीनामाही होता.

आणि तरी शिवेची कल्पना मेली, असे म्हणवत नाही. २०२० च्या वसंतात महामारी पुन्हा आली तेव्हा महाराष्ट्रातील कितीतरी गावांनी वेशीवर काटेरी फांद्या, बैलगाड्या, बांबू आडवे टाकून रस्ते बंद केले. शहरांतून पायी परतणारे मजूर, त्याच गावांचे मुलगे आणि सुना, वेशीबाहेर शाळांत आणि शेतांत थांबले. संसर्ग रोखण्यासाठी अंतर आवश्यक होते, ह्यात वाद नाही. परंतु अंतर राखणे आणि माणसालाच रोग समजणे ह्यांतील रेषा त्या दिवसांत अनेकदा पुसली गेली, हेही खरे.

बाबिलोनच्या कवीने सात भावांना दैत्य म्हणून रंगवले आणि काव्य संपवले. आपल्या परंपरेने आपल्या दैत्याला माणसाचा देह दिला, त्याला नाव दिले आणि कोरडा त्याच्याच हाती ठेवला, म्हणून आपले काव्य अजून संपलेले नाही. पोतराजाच्या शब्दाची व्युत्पत्ती लावणे सोपे. त्याच्या नेमणुकीची व्युत्पत्ती लावणे हे आपल्या ग्रामेतिहासाचे पुढील काम आहे. त्यासाठी माहात्म्यग्रंथ आणि कोश ह्यांच्या जोडीला ज्यांच्या घरात केस राखले गेले आणि पुढे कापले गेले, त्या घरांतील वृद्धांच्या आठवणी टिपून घेणे आवश्यक आहे. त्या आठवणी आज आहेत. उद्या असतीलच असे नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम हाती घेतल्यास प्रस्तुत लेखाचे प्रयोजन सफल झाले असे वाटेल.